पाच वेळा माळ घातलेला आचारी

"सायेब, मी घसरलो."

आबांनी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी त्यांच्या गुडघ्यांकडे पाहिलं. श्रावणातले दिवस होते. बंगल्याच्या मागच्या पायऱ्यांवर शेवाळ धरलं होतं आणि दोनच दिवसांपूर्वी एक पाहुणे सेल्फी काढता काढता तिथेच आडवे झाले होते. मी तत्परतेने खणातून मलमाची ट्यूब काढली. आबा त्या ट्यूबकडे बघत राहिले. मग त्यांनी सदऱ्याची वरची गुंडी सोडून गळा दाखवला. रोज तिथे असणारी तुळशीची माळ नव्हती.

"हितं घसरलो," ते म्हणाले. "काल मटनाची नळी खाल्ली."

मी ट्यूब परत खणात ठेवली. त्या जागेवर लावायचं मलम आमच्याकडे नव्हतं.

लोणावळ्याच्या बाहेर, औंढ्याच्या रस्त्याला, भाड्याने देण्याचा एक बंगला आहे. त्याचा मी मॅनेजर. मॅनेजर म्हणजे पाटीवर जिला स्विमिंग पूल म्हटलं आहे त्या हौदातली पानं काढणारा, आणि धुकं का नाही म्हणून चिडलेल्या पाहुण्यांची माफी मागणारा माणूस. मालक मुंबईत असतात आणि बंगला मोबाईलवरून चालवतात. पाहुणे शनिवारी येतात, निसर्ग पाहायला म्हणून येतात आणि रविवारी दुपारपर्यंत मटण खातात. त्यांना श्रावण लागत नाही, एकादशी लागत नाही. लागलाच तर ठसका लागतो.

ते मटण आबा करायचे. साठी ओलांडलेली, अंगाने काटकुळे, डोक्यावर पांढरी टोपी. आधी ते लग्नकार्यातले आचारी होते. अर्ध्या मावळात त्यांच्या हातच्या रश्श्याचं नाव होतं. नंतर लग्नांमध्ये केटरर आले, आबांच्या हातातला झारा गेला आणि ते आमच्याकडे आले.

आता तुम्ही विचाराल, गळ्यात माळ आणि चुलीवर मटण, हे कसं काय? मीही पहिल्याच दिवशी विचारलं होतं. माळकऱ्याने मांस-मच्छीला, दारूला शिवायचं नाही, एवढं मलाही ठाऊक होतं.

"हात मटनाचा हाये सायेब," आबा म्हणाले. "दुसरं काय येत न्हाई त्याला. तोंड तेवडं देवाला दिलंय."

त्यामुळे आमच्या स्वयंपाकघरात एक विचित्र पद्धत पडली. रस्सा उकळला की आबा चमचाभर रस्सा माझ्या तळहातावर घालायचे, मान दुसरीकडे वळवायचे आणि म्हणायचे, "मीठ बगा." मी मीठ बघायचो. एकदा बघून समाधान झालं नाही तर पुन्हा बघायचो. मग वाटीतून बघायचो. आबांच्या व्रताची सगळी जबाबदारी अशी माझ्या पोटावर पडली, आणि ती मी इतक्या निष्ठेने पार पाडली की वर्षभरात माझ्या पँटची कंबर दोनदा सैल करून घ्यावी लागली.

माळ त्यांनी बायको गेल्यावर घातली होती. ती माळकरी होती. तीस वर्षं तिने नवऱ्याच्या मटणाची भांडी वेगळी घासली, स्वतःची भाकरी वेगळ्या चुलीवर थापली, आणि त्यांना एका शब्दाने टोकलं नाही. ती गेल्यावर आबांना तेच न टोकणं टोचायला लागलं असावं.

"तिला कबूल केलं असतं तर ती गेल्यावर बगायला कोन व्हतं?" ते म्हणायचे. "म्हनून देवाला कबूल केलं. त्यो कुटं जात न्हाई."

इतकं बेसावध बोलणं मी कुणाचं ऐकलं नव्हतं. मी स्वतः देवाला नारळापलीकडे कधी काही कबूल केलेलं नाही, आणि तोही काम झाल्यानंतरचा. त्यामुळे माझं आजवर एकदाही घसरणं झालेलं नाही. तुमच्यापैकी पुष्कळ जण माझ्यासारखेच असतील. आपली निष्ठा अशी पक्की आहे, कारण तिला कामच लावलेलं नाही.

आबा मात्र घसरायचे. पहिल्यांदा ती नळी. पाहुण्यांच्या ताटात न फोडलेली राहून गेली होती, आणि ताट उचलताना ती आपल्याकडे बघत होती असं आबांचं म्हणणं. दुसऱ्यांदा खेकडे. लावणीच्या दिवसांत शेजाऱ्याने खाचरातून धरून आणले आणि रस्सा केला. वास भिंतीवरून आला आणि आबा भिंतीला वळसा घालून गेले. तिसऱ्यांदा टाकव्याला, भाचीच्या लग्नात. तिथे कुणी आग्रहसुद्धा केला नव्हता, हे ते आवर्जून सांगायचे. "कोन म्हनलं न्हाई घ्या म्हनून. मीच पंगतीत बसलो. मीच वाडप्याला हाक मारली." चौथ्या वेळेबद्दल ते कधी बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. प्रत्येक वेळी माझ्या टेबलापुढे उभं राहून "सायेब, घसरलो" एवढं मात्र सांगितलं. जणू देवाचा इथला कारभारही मीच बघतो.

मी म्हणायचो, "आबा, न सांगता राहिलात तर कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय की," ते म्हणायचे.

मग येणाऱ्या एकादशीला ते पलीकडच्या वाडीत जायचे. तिथल्या विठोबाच्या देवळात एक महाराज आहेत. ते आबांना पुन्हा माळ घालायचे. या महाराजांचं मला फार कौतुक. त्यांची माळ लहानपणापासून एकदाही उतरलेली नाही. वाडीमागचा डोंगर मात्र त्यांनी पाहता पाहता उतरवला, सपाट केला आणि त्याचे प्लॉट पाडले. प्लॉट बघायला आलेल्या गिऱ्हाइकांना ते जेवायला आमच्या बंगल्यावर आणायचे. "आमच्या आबांच्या हातचं मटण एकदा खाऊन बघा," असं स्वतः सांगायचे, आणि शेजारच्या टेबलावर पिठलं-भाकरी मागवून, डोळे मिटून, चार घास खायचे. गिऱ्हाईक दोन्हींनी प्रसन्न व्हायचं, मटणानेही आणि पिठल्यानेही.

चौथ्या घसरण्यानंतर महाराजांनी आबांना बजावलं होतं, "ही पाचवी माळ. आता सहावी मिळणार नाही. देवाच्या दारात काय ये-जा लावली आहे?"

"ये-जा देवळातच व्हतीय महाराज," आबा म्हणाले होते. "दुसरीकडं कुटं जाऊ?"

ती पाचवी माळ वर्षभर टिकली. ती उतरली ती माझ्यामुळे.

एका रविवारी मालकांच्या ओळखीतले बारा जण आले होते. त्यातले एक गृहस्थ सकाळपासूनच आनंदात होते. दुपारी जेवायला बसताना त्यांनी स्वयंपाकघरात डोकावून पाहिलं, आणि आबा मान वळवून माझ्या तळहातावर रस्सा घालत आहेत हे नेमकं त्यांना दिसलं.

"हे स्वतः का खात नाहीत?" त्यांनी मला विचारलं.

मी सांगितलं, माळकरी आहेत.

"म्हणजे बनवणारा खाणार नाही आणि आम्ही खायचं?" ते बाहेर जाऊन सगळ्यांना म्हणाले. "आत काय घातलं असेल कुणी सांगावं? काकांनी आमच्यासमोर एक पीस खाल्ला तरच आम्ही ताटाला हात लावू. नाहीतर मी तुमच्या मालकांना फोन करतो आणि इथे काय चालतं ते ऑनलाइन लिहितो."

बाकीचे हसत होते. त्यांना ती गंमत वाटत होती. मलाही ती गंमत वाटायला हरकत नव्हती, पण मालकांनी त्याच आठवड्यात मला ऐकवलं होतं की आणखी एक वाईट शेरा आला तर नवा मॅनेजर बघावा लागेल. मी आत गेलो. आबांनी बाहेरचं सगळं ऐकलं होतं. ते कणीक मळत होते.

मी म्हणालो, "आबा, एक घास. माझी नोकरी जाईल."

"खरंच जाईल?"

"जाईल."

खरं तर गेली असतीच असं नाही. मालकांना मी फोन करून सगळं समजावू शकलो असतो. त्या गृहस्थांना हात जोडू शकलो असतो. स्वतः त्यांच्यापुढे ताट घेऊन बसू शकलो असतो, त्याचा तर मला चांगला सराव होता. यातलं काहीच मला सुचलं नाही. सुचलं ते सगळ्यात सोपं होतं, आणि ते दुसऱ्याने करायचं होतं.

आबांनी हात धुतले. मळलेली कणीक ओल्या फडक्याने झाकली. गळ्यातली माळ काढून खिडकीत, जिथे ऊन येत होतं तिथे, ठेवली. मग ते बाहेर गेले आणि त्या बारा जणांसमोर उभे राहून त्यांनी एक तुकडा खाल्ला. तो त्यांनी खूप वेळ चावला. कुणीतरी मोबाईलवर त्याचा व्हिडिओ काढला. त्या गृहस्थांनी टाळ्या वाजवल्या आणि विचारलं, "कसं झालंय काका?"

"चांगलं झालंय," आबा म्हणाले. "जेवा सावकाश."

नंतर त्यांनी सगळ्यांना चपात्या करून वाढल्या. कुणाला काही कमी पडू दिलं नाही. त्या गृहस्थांनी संध्याकाळी जाता जाता ऑनलाइन चार तारे दिले. पाचवा त्यांनी रस्त्यातल्या खड्ड्यांपायी कापला. माझी नोकरी वाचली. ती अजूनही वाचलेलीच आहे.

त्या दिवशी आबा माझ्या टेबलापुढे आले नाहीत. घसरलो असं म्हणाले नाहीत. माळ कागदात बांधून त्यांनी खिशात ठेवली आणि घरी गेले.

एकादशीला मी त्यांना माझ्या मोटारसायकलवरून वाडीत घेऊन गेलो. मनाला काही लागलं की आपण लिफ्ट देतो, त्यातलाच तो प्रकार. देवळात भजन संपलं होतं. दहा-पंधरा माणसं बसली होती. आबांनी कागदाची पुडी उलगडून महाराजांपुढे ठेवली.

महाराजांनी पुडीकडे पाहिलं. "मागल्या वेळी काय बोललो होतो मी?"

"ही शेवटची म्हनलावता."

"मग?"

"चूक झाली."

"कुणी जबरदस्ती केली? कुणी फसवून खायला घातलं? तसं असेल तर सांगा. त्याला काही मार्ग निघतो."

आबांच्या मागे दोन हातांवर मी बसलो होतो. देवळात नवीन फरशी बसवली होती आणि भिंतीला संगमरवरी पाटी लावली होती. पाटीवर फरशी देणाऱ्यांची नावं होती. मी ती नावं वरपासून खालपर्यंत वाचली. मग खालपासून वरपर्यंत वाचली. त्यात प्लॉटची दोन गिऱ्हाइकं निघाली.

"न्हाई," आबा म्हणाले. "हात माझाच व्हता."

महाराजांनी पुडी परत त्यांच्याकडे सरकवली. "मग तुम्हाला माळ घालून मी देवाची थट्टा करायची का? घरी बसून नाव घ्या. नाव घ्यायला कुणी अडवलेलं नाही." बसलेल्या माणसांनी माना डोलावल्या. त्यांतल्या दोघांना मी गेल्याच महिन्यात आमच्या बंगल्याच्या मागच्या दाराने बाटली घेऊन जाताना पाहिलं होतं. त्यांच्या गळ्यात माळा नीट होत्या.

परत येताना वाटेत मी गाडी बाजूला घेतली. म्हणालो, "आबा, मी तिथे बोलायला हवं होतं."

आबा मागे बसल्या बसल्याच म्हणाले, "बोलला असता तर त्यांनी घातली असती माळ. मंग मला वाटलं असतं, चूक तुमची व्हती. माजी माज्याकडंच ऱ्हाऊ द्या सायेब. माजी ऱ्हायली तर मला तिचं काय तरी करता येईल."

"आता काय करणार?"

"काय करनार. शनवारी पाव्हनं हायेत न्हवं? कोतमीर आनाया पायजे."

त्यानंतर आबा दोन वर्षं आमच्याकडे होते. गळा मोकळा होता. ती माळ त्यांनी घरच्या देव्हाऱ्यात बायकोच्या माळेशेजारी ठेवली होती. आता खरं तर त्यांना कुणाची बंदी उरली नव्हती. कुणी बघत नव्हतं, कुणी विचारणार नव्हतं. भांडी घासायला येणाऱ्या मावशी त्यांना म्हणायच्या, "आबा, आता काय अडचन हाये? मटान उरलंय, घ्या की चार घास. म्हाराजांनीच सोडलंय तुमाला."

"त्यांनी सोडलंय," आबा म्हणायचे. "मी कुटं सोडलंय?"

मी लक्ष ठेवून होतो, हे कबूल करतो. माझ्यासारख्या माणसाला दुसऱ्याच्या घसरण्याचा मोठा आधार असतो. ते एकदा घसरले असते तर माझ्या पोटातला तो रविवार थोडा हलका झाला असता. मी मुद्दाम नळ्या ताटात ठेवून बाहेर जायचो असं नाही, पण ठेवलेल्या असल्या तर उचलायची घाईही करत नव्हतो.

पुढच्या लावणीच्या दिवसांत एका कातकऱ्याने डबाभर खेकडे विकायला आणले. पाहुण्यांनी ते लगेच घेतले. आबांनी ते साफ केले, वाटण वाटलं, फोडणी दिली. रश्श्याला उकळी आली तेव्हा मी दारात होतो. आबांनी पळी खाली ठेवली, गॅस बारीक केला आणि ते मागच्या दाराने बाहेर पडले. बाहेर पाऊस कोसळत होता. मी खिडकीतून पाहिलं तर ते कुंपणाजवळच्या जांभळीखाली, बंगल्याकडे पाठ करून उभे होते. टोपी भिजून कपाळावर आली होती. मला वाटलं, पोटात दुखत असेल.

बऱ्याच वेळाने ते आत आले. सदरा पिळला.

"काय झालं आबा?"

"काय न्हाई. जवळ ऱ्हायलो असतो तर खाल्ला असता. म्हनून लांब गेलतो जरा." मग त्यांनी चमचा उचलला. "हात पुढं करा."

मी हात पुढे केला. रस्सा फार सुरेख दिसत होता. मला मात्र तो त्या दिवशी चाटता येईना. मी तळहात तसाच धरून उभा राहिलो, आणि आबा मान वळवून वाट बघत राहिले. शेवटी मी "बरोबर आहे" म्हणालो आणि बाहेर जाऊन हात धुतला. नंतर पाहुण्यांनी मीठ मागून घेतलं.

गेल्या हिवाळ्यात आबांचं जेवण तुटलं. आधी ते भाकरी अर्ध्यावर सोडायला लागले, मग डोळे पिवळे दिसायला लागले. एका सोमवारी आले नाहीत. मुलाने फोन करून सांगितलं की वडगावला दवाखान्यात ठेवलंय. मी भेटायला जाणार होतो. शनिवारी पाहुणे होते, रविवारी पाहुणे होते, पुढच्या शनिवारी पुन्हा पाहुणे होते. मी जाणार होतो तो दिवस उजाडण्याआधीच त्यांच्या दशक्रियेचा निरोप आला.

दशक्रियेला प्रवचन त्या महाराजांचंच होतं. मी नदीच्या घाटावर मागच्या रांगेत बसलो. महाराज म्हणाले, "असा एकनिष्ठ माळकरी या पंचक्रोशीत झाला नाही." ते पुष्कळ बोलले, आणि छान बोलले. आबांच्या निष्ठेवर त्यांनी तीन दाखले दिले. त्यात कुठेही ती कागदाची पुडी आली नाही. उठून काहीतरी बोलावं असं मला वाटलं. मी आधी एकदा गप्प बसलो होतो, या वेळीही बसलो. या बाबतीत माझं कधी वाकडं पाऊल पडलेलं नाही.

नंतर घरी गेलो. आबांचा मुलगा ओसरीवर बसला होता. वडगावच्या एका कारखान्यात तो कामाला आहे. चहा आला. मी विचारलं, शेवटी काही बोलले का?

"बोलनं बंद झालतं आदल्या दिवशीच," तो म्हणाला. "डॉक्टर म्हनले, अशक्तपना लय आलाय, सूप द्या. हिनं घरनं कोंबडीचं करून आनलं. आमी सांगितलं त्यास्नी, डाळीचं पानी हाये म्हनून. दोन चमचं घेतलं."

"मग?"

"मंग वळखलं. त्ये वळखनार न्हाईत व्हय?"

त्याची बायको दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती म्हणाली, "मला वाटलं, थुकतील. माज्या हातात वाटी व्हती. माज्याकडं बगितलं मामंजींनी. आन् गिळला घोट. थुकलं न्हाईत."

मुलाने चहाचा कप खाली ठेवला.

"मंग हात उचलाया बगत व्हतं," तो म्हणाला. "एका हाताला सलाईन, दुसऱ्यात ताकद न्हाई. मला वाटलं, पानी मागत्यात. पानी दिलं तर न्हाई म्हनले मानेनं. मंग माज्या ध्यानात आलं. मी दोनी हात धरून वर नेलं त्येंचं, कानापत्तुर. त्येंनी कान धरलं. असं, दोनी. आन् वर बगून हसलं."

"वर काय होतं?"

"वर काय असनार. पंखा व्हता. लाईट नव्हती, म्हनून बंद व्हता."

आत कुणीतरी भांडी लावत होतं.

"लय वेळ तसंच धरून व्हतं," मुलगा म्हणाला. "सोडंनात. झोप लागली तरी बोटं कानावरच. मीच मंग हळूच हात खाली घेतलं."